सगळे बाहेर आले

वैशालीताईने फाइल तोंडासमोर धरली, तिच्याआडून काहीतरी पुटपुटली आणि फाइल खाली घेऊन समोरच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीत राजश्री पिसाळ बसली होती. तिने मान डोलावली. ताईने पुन्हा फाइल वर घेतली, पुन्हा पुटपुटली. राजश्रीने पुन्हा मान डोलावली आणि वर थोडं हसलीसुद्धा.

"काय बोलले मी?" ताईने आता हातांनी विचारलं.

राजश्रीचे हात मांडीवरच राहिले.

"मी म्हणाले, पहिलं वर्षभर पगार मिळणार नाही आणि रोज संडास धुवावे लागतील. तू हो म्हणालीस. हसून."

वर्गात हशा पिकला. बहिऱ्या माणसांना स्वतःचं हसणं ऐकू येत नाही, त्यामुळे ते कुणाच्या धाकात नसतं. खालच्या मजल्यावरचा शिपाई जिना चढून दारापर्यंत आला, आत डोकावला आणि परत गेला. राजश्रीही हसली, पण तिचे कान तापले होते. शेजारी बसलेल्या स्वानंदने तिला कोपराने ढोसलं. "मीपण हो म्हटलं असतं," त्याने हातांनी सांगितलं.

कोपरखैरण्यातल्या एका शाळेच्या वरच्या मजल्यावर हा वर्ग भरायचा. बहिऱ्या आणि कमी ऐकू येणाऱ्या मोठ्या माणसांना नोकरीसाठी तयार करण्याचा वर्ग. अर्ज कसा लिहायचा, मुलाखतीला कसं बसायचं, साहेबाला व्हॉट्सॲपवर रजेचा मेसेज कसा पाठवायचा, पगाराच्या पावतीतली कपात कशी वाचायची, असं सगळं तिथे शिकवत. वैशालीताईला स्वतःला उत्तम ऐकू यायचं. पण तिचे आईवडील दोघेही बहिरे, त्यामुळे खुणांची भाषा ती बोलायला लागण्याआधी शिकली होती. ती शिकवायची त्यातली एकच गोष्ट कुठल्या पुस्तकात नव्हती. "कळलं नाही तर मान डोलवायची नाही. 'मला समजलं नाही, लिहून सांगा' असं म्हणायचं. दहादा म्हणावं लागलं तरी म्हणायचं."

राजश्रीला हे फार कठीण गेलं. ती तिशीला आली होती आणि तीन वर्षांची असताना तापाने कान गेले तेव्हापासून मान डोलावत होती. साताऱ्याकडच्या शाळेत बाई हातावर पट्टी मारायच्या, कारण हातांनी बोलायचं नाही, ओठांनी बोलायचं. नाकासमोर कागदाची पट्टी धरून 'प, प, प' म्हणायचं, पट्टी हलली की शाबासकी. पट्टी हलायची, पण 'प'चं पुढे काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. मग वडील हौसेराव माथाडी म्हणून कळंबोलीच्या लोखंड बाजारात आले, त्यांच्यामागून सगळं घर आलं, आणि राजश्री चाळीच्या खोलीत साड्यांना फॉल लावत बसली. सगळे हसले की हसायचं, सगळे उठले की उठायचं. भावाचं लग्न तिच्यासमोर, त्याच खोलीत ठरलं. तिला ते कळलं नवी साडी हातात पडली तेव्हा. त्या दिवशी ती चिडली, तर आई सत्यभामाने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि पुन्हा चुलीकडे वळली. तिलाही काय सांगायचं ते कळेना.

वर्ग संपता संपता एक कंपनी आली. जासईच्या पुढे, उरण रस्त्यावर त्यांचं मोठं गोदाम होतं. ऑनलाइन विकलेले आणि लोकांनी परत पाठवलेले कपडे तिथे यायचे. कंपनीतर्फे मनस्वी नावाची एचआरमधली मुलगी आली होती. संस्थेचे प्रमुख उदयसिंह सर नवा कोट घालून आले होते. राजश्री आणि स्वानंद या दोघांची निवड झाली, त्यांच्या हातात गुच्छ आले, मागे कापडी फलक ताणला गेला आणि फोटो निघाले. मनस्वी वैशालीताईच्या मार्फत सांगत होती, "फ्लोअरवर अलार्मसाठी फ्लॅश होणारे लाइट लावू, सगळ्या सूचना लिहून देऊ, महिन्यातून एकदा इंटरप्रिटर बोलावू. फर्स्ट मन्थमध्येच होऊन जाईल सगळं."

हौसेरावांनी राजश्रीचं ओळखपत्र गळ्यात घालून बघितलं. मग ते घेऊन ते बाजारात गेले आणि वजनकाट्यावरच्या माणसाला, चहावाल्याला, ट्रकच्या क्लीनरला दाखवून आले. परत आल्यावर ते तिच्यासमोर बसले आणि तिला ओठ दिसावेत म्हणून सावकाश म्हणाले, "आमची राजी कंपनीत लागली, म्हनलं समद्यांस्नी."

काम तिला आवडलं. पाकीट फोडायचं, कपडा उलगडायचा, डाग, उसवण, अत्तराचा वास, तुटलेलं बटण बघायचं, ठीक असेल तर घडी घालून एका टोपलीत, नाहीतर दुसऱ्या. त्यांची टेबलं गोदामाच्या पार मागच्या अंगाला, जाळीच्या खोलीत होती. पुढे मालाचे उंच रॅक होते, त्यांच्यापलीकडे बाकीच्यांची टेबलं आणि माल वाहून नेणारा पट्टा. तो पट्टा चालू असला की तळपायांना बारीक थरथर लागायची. स्वानंद समोरच्या टेबलावर असायचा. दोन टेबलांवरून दोघांच्या दिवसभर गप्पा चालायच्या. हातात कपडा असला तर भुवयांनी.

सुपरवायझरचं नाव प्रसाद. तो वाईट माणूस नव्हता, असं राजश्री सुरुवातीला वैशालीताईला सांगायची. त्याला फक्त त्यांना बोलवायची एकच पद्धत माहीत होती. चिकटपट्टीचा संपलेला रोल घ्यायचा आणि जाळीच्या दारातून नेम धरून मारायचा. तो पाठीवर लागायचा, कधी मानेवर. पुढच्या टेबलांवरून खोके घेऊन येणाऱ्या बायका पहिल्यांदा हसल्या, नंतर त्यांनी हसणंही सोडून दिलं, रोजचंच झालं. स्वानंदने त्याला खुणेचं नाव ठेवलं: हवेत रोल फेकण्याची खूण. बहिऱ्या माणसांत नाव असंच पडतं, माणूस जे करतो त्यावरून.

सकाळी सगळ्यांना गोळा करून प्रसाद सूचना द्यायचा. द्यायचा तो फळ्याकडे तोंड करून. राजश्रीने पहिल्याच आठवड्यात वर्गात लिहून घेतलेलं कार्ड पुढे केलं. 'मला समजलं नाही. लिहून सांगा.' त्याने हाताने थांब म्हटलं आणि थांबवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा पुढे केलं. असं रोज चाललं. एकदा त्याने कागद ओढून घेतला आणि लिहिलं, 'तुमच्या कामाचं नाही.' त्या दिवशी पाळ्यांच्या वेळा बदलल्या होत्या. दुसऱ्या दिवशी राजश्री आणि स्वानंद जुन्या वेळेला गेटवर पोचले, तर वॉचमनने आत सोडलं नाही, अर्धा दिवस कापला गेला. तिने मनस्वीला मेसेज केला. मनस्वीचं उत्तर आलं, 'थोडं ॲडजस्ट कर ना. प्रसादजींवर खूप प्रेशर असतं.' खाली दोन्ही हात जोडलेलं चित्र. लाइटचं विचारलं तर, 'प्रोसेसमध्ये आहे.' पुढच्या महिन्यात विचारलं तर, 'प्रोसेसमध्ये आहे.' इंटरप्रिटर एकदाही आला नाही. आणि सहा महिन्यांनी कामाचा शेरा आला त्यात राजश्रीच्या नावापुढे लिहिलं होतं, 'काम चांगलं. वारंवार प्रश्न विचारते. वागणुकीत सुधारणा हवी.'

जे करायला तिला शिकवलं होतं, नेमकं तेच ती करत होती. नोकरीला तयार व्हायचं ते एकट्या तिनेच होतं. नोकरीने तिच्यासाठी तयार व्हावं, असा वर्ग नवी मुंबईत कुठे भरत नव्हता.

ते घडलं एका दुपारी. राजश्री एका मुलाच्या जाकिटाची चेन तपासत होती आणि तळपायांची थरथर थांबली. पट्टा बंद झाला. चहाची वेळ झाली असेल, असं तिला वाटलं. तिने उरलेली दोन पाकिटं संपवली. स्वानंदने आळस दिला, नाक वर केलं आणि नाकाला बोट लावून तिच्याकडे बघितलं. तिलाही वास आला. जळक्या रबरासारखा, घशात बसणारा.

दोघं जाळीच्या दारातून बाहेर आली. रॅकच्या गल्लीत कुणी नव्हतं. पुढच्या टेबलांवर कुणी नव्हतं. एक खुर्ची आडवी पडली होती, एका बाईची चप्पल वाटेत उलटी होती, कागदी कपातला चहा तसाच होता. एवढा मोठा हॉल, माणसांनी भरलेला असायचा, आणि आता रिकामा. समोर, मोठ्या दाराजवळ, फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या चार्ज करायच्या खोलीतून काळा धूर जमिनीलगत येत होता. बाहेर पडायची त्यांना माहीत असलेली वाट तीच. मागच्या बाजूला आणखी एक दार आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, फळ्याकडे तोंड करून. तिने ओढणी तोंडाला लावली, स्वानंदचा शर्ट घट्ट पकडला आणि दोघं भिंतीला घासत पळाली.

बाहेर ऊन होतं. सगळे तिथे होते. पटांगणात रांगा करून उभे होते, कुणी मोबाइलवर व्हिडिओ काढत होतं. प्रसाद वॉकीटॉकी हनुवटीखाली धरून बोलत होता. त्याचं तोंड वाचायला राजश्री आताशा शिकली होती, आणि या वेळी तो फळ्याकडे वळलेला नव्हता. त्याचे ओठ तिला स्वच्छ दिसले.

"हां सर. काउंट झाला. सगळे बाहेर आले."

मग त्याने त्या दोघांना पाहिलं. तो तावातावाने जवळ आला. "कुठे होतात तुमी? एवढा अलार्म वाजतोय—" असं म्हणताना त्याचा हात स्वतःच्या कानाकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. स्वानंद खोकत खाली बसला. एका बाईने, जिची चप्पल आत राहिली होती, पाण्याची बाटली आणून दिली. आग मोठी नव्हती. गोदामातल्या माणसांनीच ती विझवली. कुणाला इजा झाली नाही, असं संध्याकाळी नोटीस बोर्डावर लागलं.

घरी राजश्रीने हातांनी, चेहऱ्याने, कागदावर चित्र काढून सगळं सांगितलं. हौसेरावांनी तीन-तीनदा विचारून घेतलं. "समदी भाईर पळाली? आन् तू आत? एकानंबी हात धरून वढली न्हाय?" सत्यभामा म्हणाली, "उद्या जाऊ नगंस." दुसऱ्या दिवशी राजश्री गेली. स्वानंदही आला, पण त्याने टेबल फिरवून घेतलं. दाराकडे तोंड करून बसला. दर दोन मिनिटांनी मान वर. त्या दिवशी त्यांच्या गप्पा झाल्या नाहीत.

आठवडाभराने दोघांना वरच्या केबिनमध्ये बोलावलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कंपनीने वैशालीताईला बोलावलं होतं. टेबलापलीकडे गोदामाचे मॅनेजर, मनस्वी आणि प्रसाद. राजश्री ताईच्या हातांकडे बघत बसली.

मॅनेजर ताईकडे बघून बोलत होते. "त्यांना सांगा, झालं त्याचं आम्हाला खूप वाईट वाटतंय. त्यांच्या सेफ्टीपेक्षा आम्हाला काहीच मोठं नाही. म्हणून काळजीपोटीच आम्ही ठरवलंय की त्यांनी इथे काम करणं योग्य नाही. राजीनामा द्यावा, आम्ही छान एक्स्पीरियन्स लेटर देऊ."

ताईचे हात हे सगळं सांगून थांबले. मॅनेजर मनस्वीकडे वळले आणि खालच्या आवाजात काही बोलले. ताईचे हात पुन्हा हलू लागले.

"फायरवाले ऑडिटला आले आणि हे दोघं इथे दिसले तर आपलीच लागेल. आजच सह्या घ्या."

मनस्वी दचकली. "सर, ती ते पण सांगतेय त्यांना." ताईच्या हातांनी हेही सांगितलं.

"अहो मॅडम," मॅनेजर म्हणाले, "हे आमचं आपसातलं होतं."

"या खोलीत जे बोललं जाईल ते सगळं मी त्यांना सांगणार," ताई तोंडाने बोलत होती आणि त्याच वेळी हातांनीही. "त्यांना ऐकू येत असतं तर हेही ऐकू आलंच असतं. तुम्हाला आपसात बोलायचं असेल तर बाहेर जा."

राजश्री उभी राहिली. तिचे हात सुरू झाले आणि ताई तिच्यासाठी बोलू लागली. अशा वेळी ताई 'ती म्हणते' असं म्हणत नसे. सरळ 'मी' म्हणायची.

"मी आत होते. धूर होता. तुम्ही माणसं मोजलीत. कुणी मोजली?"

मॅनेजरनी प्रसादकडे बघितलं. प्रसाद टेबलाकडे.

"मी विचारतेय, कुणी मोजली?"

"गडबडीत चूक होते, मॅडम," मॅनेजर ताईला म्हणाले. "प्रसादची पंधरा वर्षं सर्व्हिस आहे. बायको-मुलं आहेत."

"माझ्याशी बोला. माझ्याकडे बघून बोला," ताईच्या तोंडून राजश्री म्हणाली. "चूक त्यांची. लाइट लावायचे होते ते तुम्ही लावले नाहीत. आणि घरी मी जायचं? मी काय केलं? मला ऐकू येत नाही हे तुम्हाला त्या दिवशी कळलं का? फोटो काढलात तेव्हा माहीत होतं. काळजी होती तर एक माणूस मागे पाठवायचा होता. रोल मारायला तरी पाठवायचा होता."

शेवटचं वाक्य मॅनेजरना कळलं नाही. प्रसादला कळलं. त्याची मान आणखी खाली गेली.

कागद दोन होते. राजश्रीने आपला कागद टेबलावर सरकवून परत पलीकडे दिला. स्वानंदने सही केली. बाहेर आल्यावर ती त्याच्यावर तुटून पडली. तिचे हात इतके जोरात चालत होते की एकमेकांवर आपटत होते. त्याने ते धरले, सोडले आणि सांगितलं, "मी दाराकडे बघत काम नाही करू शकत. झोपेतही दाराकडेच बघतो."

दुसऱ्या दिवशी उदयसिंह सरांनी तिला आणि ताईला संस्थेत बोलावलं. कंपनीचा फोन आला होता. "वैशाली, तुझं काम इंटरप्रिट करायचं, भांडणं लावायचं नाही. या कंपनीने पुढच्या बॅचमधून आठ जण घ्यायचं कबूल केलं होतं. आता एकही घेणार नाहीत. आठ घरांचं नुकसान कुणामुळे झालं?" मग राजश्रीकडे वळून, मोठ्याने, जणू आवाज वाढवला की तिला पोचेल, "थोडं समजून घ्यायचं असतं, बाळ."

बाळ. तिशीची बाई. पण 'आठ घरं' हे शब्द मात्र राजश्रीच्या आत जाऊन बसले. ती घरी गेली, जेवली नाही. वर्गात नव्याने येणारी मुलंमुली तिने पाहिली होती. मान डोलावणारी, घाबरलेली. त्यांची नोकरी आपण घालवली का? दोन दिवस तिने हाच विचार केला. तिसऱ्या दिवशी वर्गाच्या सुट्टीत ती तिथे गेली आणि सगळ्यांना विचारलं, सरकारकडे तक्रारीचा अर्ज करू का? काय झालं ते सांगितलं, सही केली असती तर काय झालं असतं तेही सांगितलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "आम्हाला घेतलं असतं, तर त्याच जाळीत बसवलं असतं?"

"हो."

"मग अर्ज कर," मुलगी म्हणाली.

वैशालीताईने अर्ज लिहायला मदत केली. दिव्यांगांसाठी कायदा आहे, त्यात मालकाने काय करायला हवं ते लिहिलेलं आहे. संस्थेने ताईचं कंत्राट पुढच्या वेळी वाढवलं नाही. कारण दिलं नाही, विचारल्यावरही दिलं नाही. सरकारी कार्यालयातून कंपनीला पत्र गेलं, पुन्हा गेलं, एक माणूस बघायला आला. तेवढ्या काळात राजश्री रोज कामावर जात होती. राजीनामा दिला नव्हता आणि काढून टाकायचं धाडस आता कुणाला होत नव्हतं. तिच्याशी कुणी बोलत नसे. प्रसादने रोल मारणं थांबवलं. तो आता जवळ यायचा, टेबलावर बोटाने टकटक करायचा, कागद ठेवायचा आणि तिच्याकडे न बघता जायचा. समोरचं टेबल रिकामंच होतं. त्यावर परत आलेल्या मालाचे खोके रचले गेले.

अखेर एक इलेक्ट्रिशियन शिडी घेऊन आला.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी कंपनीची बस कळंबोलीच्या सिग्नलपाशी अडकली. लोखंड भरलेले ट्रेलर चारी बाजूंनी घुसले होते, कुणीच हलत नव्हतं. राजश्री खिडकीशी होती. रस्त्याच्या कडेला टायरच्या दुकानात एक माणूस ट्रकच्या चाकात हवा भरत वाकला होता. पाठ बघूनच तिने ओळखलं. पण बोलावणार कसं? ती उठून उभी राहिली आणि ओढणीचं टोक काचेसमोर जोरजोरात हलवू लागली. बसमधले लोक वळून बघू लागले. दुकानाच्या मालकाने आधी पाहिलं आणि त्याच्या खांद्याला हात लावून बसकडे बोट दाखवलं.

स्वानंद सरळ झाला. हसला. दोघांच्या मध्ये बंद काच होती, रस्ता होता, सगळ्या ट्रकांचे हॉर्न असतील. त्याने त्यांचं काही अडत नव्हतं.

"कशी आहेस?"

"बरी. तू?"

त्याने काळे झालेले तळवे दाखवले. "इथे उघड्यावर असतं सगळं. झोप लागते. दिवे लावले का त्यांनी?"

"लावला."

"किती?"

तिने एक बोट वर केलं. "माझ्या टेबलावर."

"आणि बाकी हॉलमध्ये? जेवायच्या जागेत? बाथरूममध्ये?"

"विचारलं मी. म्हणाले, दिव्यांगांची संख्या एक, त्यामुळे दिवा एक."

स्वानंद हसत सुटला. हसता हसता शेजारच्या टायरवर बसला. राजश्रीलाही हसू आलं, मोकळं, आवाजाचं. पुढच्या सीटवरची बाई दचकून मागे बघायला लागली, तरी ती थांबली नाही. हसून झाल्यावर तिने डोळे पुसले. तो टायरवरून उठला होता. आता त्याचा चेहरा गंभीर होता. त्याने तिच्याकडे बोट केलं, मग स्वतःकडे, मग हात वर घेतले आणि काहीतरी मोठं सांगायला सुरुवात केली. एवढ्यात वाट मोकळी झाली. बस हलली, आणि बसच्या अंगाला लागून सळ्यांनी भरलेला एक लांबलचक ट्रेलर पुढे आला.

वाक्याचा अर्धा भाग ट्रेलरच्या पलीकडे राहिला. राजश्री काचेला कपाळ टेकून ट्रेलर सरकायची वाट बघत राहिली.